शेऱ्याचा रकाना

माझ्या बँकेच्या पासबुकात १९ ऑक्टोबर २०२३ या तारखेसमोर १४,२०० रुपयांची एक जमा आहे. आमच्या मुलुंडच्या घरात तेव्हा राहणाऱ्या भाडेकरूने ती यूपीआयने पाठवली होती, एवढे पासबुकावरून स्पष्ट दिसते. ती कशाबद्दल पाठवली, हे मात्र कुठेच दिसत नाही. त्या महिन्याचे भाडे पाच तारखेलाच येऊन गेले होते. विजेचे बिल इतके कधीच येत नसे. नवरात्राचे दिवस होते, एवढे मी पंचांग काढून पाहिले, पण त्यावरूनही काही आठवले नाही. २०२४ च्या जुलैत विवरणपत्र भरायला बसलो तेव्हा आमच्या सीएने त्या ओळीभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि विचारले, "मॅडम, हे काय आहे?" चौतीस वर्षे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोंदी ठेवण्याचाच पगार घेतलेल्या मला त्या साध्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

ग्रंथालयात दाखल नोंदवही नावाचे एक जाडजूड पुस्तक असते. विकत घेतलेले किंवा भेट आलेले प्रत्येक पुस्तक त्यात एका ओळीत उतरते: दाखल दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशन वर्ष, पाने, किंमत, बिलाचा क्रमांक आणि तारीख. अगदी उजवीकडे, पान संपता संपता, शेऱ्याचा रकाना असतो. नव्याने रुजू झालेली मुले तो रकाना रिकामा ठेवतात, कारण पुस्तक आले त्या दिवशी त्यात लिहिण्यासारखे काही नसते. पुढे ते पुस्तक हरवते, वाळवी लागते, एखादा प्राध्यापक निवृत्त होताना त्याची किंमत भरून देतो, किंवा त्याच्या बदल्यात नवी आवृत्ती आणून देतो. तेव्हा मूळ नोंद खोडायची नसते. तिच्यावर लाल शाईने एक रेघ मारून, शेऱ्यात कारण, तारीख आणि सही करायची असते. वार्षिक पडताळणीला येणारे अनुभवी तपासनीस पहिल्यांदा हाच रकाना पाहत. बाकीचे सगळे रकाने पुस्तक हातात घेऊन पुन्हा भरता येतात. शेरा तसा भरता येत नाही, कारण तो पुस्तकात नसतो, तो त्या दिवशी तिथे हजर असलेल्या माणसाजवळ असतो.

भाड्याच्या घराचा हिशेब ठेवताना मी नेमका हाच रकाना विसरले होते.

ते घर मुलुंड पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर, ५८० चौरस फूट चटई क्षेत्राचे आहे. वडिलांनी ते १९८६ मध्ये घेतले. आई २०१९ मध्ये गेली आणि घर माझ्या व धाकट्या भावाच्या नावावर निम्मे निम्मे झाले. भाऊ पुण्यात, मी दादरला. त्यामुळे किल्ल्या, भाडेकरू, प्लंबर आणि सोसायटीच्या सभा हे सगळे माझ्याकडे आले. घर भाड्याने देणे म्हणजे दर महिन्याला पैसे येणे, अशी माझी समजूत होती, आणि पैसे बँकेतच येत असल्याने हिशेब बँकच ठेवते आहे, असेही मी धरून चालले होते.

आयकराचे गणित तसे अवघड नाही, आणि म्हणूनच ते माणसाला गाफील ठेवते. २०२२-२३ हे सबंध वर्ष घर भाड्याने होते. महिना ३८,००० प्रमाणे ४,५६,००० रुपये आले. त्यातून आम्ही त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर, ९,६०० रुपये, वजा केला की ४,४६,४०० उरतात. त्याच्या ३० टक्के, म्हणजे १,३३,९२० रुपयांची ठोक वजावट कायदा न मागता देतो. उरलेले ३,१२,४८० रुपये आम्हा दोघांत निम्मे होऊन प्रत्येकाच्या विवरणपत्रात १,५६,२४० रुपये घरमालमत्तेपासूनचे उत्पन्न म्हणून जातात. घरावर कर्ज असेल तर व्याजही वजा होते आणि त्यासाठी बँकेचा दाखला दरवर्षी घ्यावा लागतो; त्यातून होणारा तोटा जुन्या करपद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंतच इतर उत्पन्नातून वळता करता येतो व उरलेला पुढची आठ वर्षे ओढता येतो, नव्या पद्धतीत ही वळती करण्याची सोय नाही. आमच्या घरावर कर्ज नसल्याने त्या खोलात मला जावे लागले नाही.

त्या ३० टक्क्यांनी मात्र माझी बरीच फजिती केली. घराला रंग दिला, नळ बदलले, दलालाला एक महिन्याचे भाडे दिले, करारावर मुद्रांक शुल्क भरले. या साऱ्याच्या पावत्या मी एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये इतक्या निगुतीने जपल्या होत्या की सीएसमोर तो फोल्डर ठेवताना मला जरा अभिमानच वाटला होता. त्याने तो न उघडताच बाजूला सरकवला. दुरुस्तीवर एक रुपया खर्च होवो की दोन लाख, वजावट ३० टक्केच मिळते. ही सगळी किरकोळ त्यातच आली. आणि ज्या एका गोष्टीची वेगळी वजावट आहे, त्या मालमत्ता कराची माझ्याकडे एकही पावती नव्हती.

यात थोडा दोष मुंबईच्या रीतीचाही आहे. इथे बहुतेक जुन्या इमारतींत महापालिकेचे मालमत्ता कराचे बिल प्रत्येक सदनिकेला येत नाही. ते सबंध इमारतीचे म्हणून सोसायटीच्या नावाने, वर्षातून दोन सहामाहींत येते आणि सोसायटी ते क्षेत्रफळाप्रमाणे वाटून आपल्या मासिक किंवा तिमाही बिलात एक ओळ म्हणून टाकते. त्या बिलात सेवा शुल्क असते, सिंकिंग फंड असतो, दुरुस्ती निधी असतो, पाणी असते, आणि घर भाड्याने दिले असेल तर बिनभोगवटा शुल्कही असते. (हे शेवटचे सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा राज्य शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे; आपल्या बिलात ही ओळ असेल तर भागाकार करून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.) आपण सगळ्याला मिळून 'मेन्टेनन्स' म्हणतो, एकरकमी भरतो आणि विसरतो. पण आयकराला त्यातली महापालिका कराची ओळच हवी असते, तीही मालकाने स्वतः भरलेली आणि त्याच वर्षात भरलेली. आमच्या सोसायटीने एके वर्षी महापालिकेच्या बिलावर हरकत घेतली होती आणि सभासदांकडून गोळा केलेली रक्कम पुढच्या एप्रिलमध्ये भरली. बिलावर एक वर्ष, भरणा दुसऱ्या वर्षात. तेव्हापासून मी दर एप्रिलला सेक्रेटरींकडून एका परिच्छेदाचे पत्र घेते: अमुक सदनिकेच्या वाट्याचा इतका मालमत्ता कर सोसायटीने अमुक तारखेला महापालिकेत भरला. पहिल्या वर्षी त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी त्यांच्यावरच अविश्वास दाखवते आहे. आता शिक्का मारून तयार ठेवतात.

आमच्याच मजल्यावरचे एक घर ५०० चौरस फुटांच्या आतले आहे. मुंबईत तेवढ्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, म्हणजे त्यांच्या बिलात ती ओळच नाही आणि वजा करण्यासारखेही काही नाही. तरी तिथले काका जुन्या सवयीने दरवर्षी तोच आकडा वजा करत होते. मी सांगितल्यावर त्यांनी मला चहा पाजला, पण चेहरा पडला होता हे खरे.

आता भावाविषयी. हे लिहायला मी थोडी टाळाटाळ केली, कारण पैशाच्या हिशेबात भावाबहिणींनी एकमेकांना पावत्या द्याव्यात, ही कल्पना आमच्या घरात कुणाला सुचलीच नसती. भाडे माझ्या खात्यात येई. मी महिन्याच्या आत कधीतरी निम्मे पुण्याला पाठवी. कधी दोन महिन्यांचे एकदम, कधी रंगाऱ्याचे निम्मे पैसे कापून, कधी त्याच्या मुलीच्या वाढदिवसाचे पैसे त्यातच मिळवून. "ताई, तू पाठवतेस ते बरोबरच असणार," असे तो म्हणे, आणि हे वाक्य ऐकायला गोड असले तरी हिशेबाच्या दृष्टीने त्याच्याइतके घातक दुसरे काही नसते. विश्वास असला की कारण लिहायची गरज वाटत नाही. माझ्या पासबुकात भावाच्या नावापुढे १७,३००, ३४,६५०, २१,००० असे आकडे पडत गेले आणि त्यांतला भाड्याचा भाग किती, वजाबाकी कशाची आणि प्रेमाचे किती, हे सांगणारा कागद जगात कुठेही नव्हता.

दोन मालकांचे हिस्से ठरलेले असले तर प्रत्येकावर आपापल्या हिश्श्यापुरता कर लागतो, पैसे कुणाच्याही खात्यात येवोत; विवरणपत्रात सहमालकाचे नाव, पॅन आणि हिस्सा लिहायला जागाही असते. पण भाडेकरूला त्याच्या कंपनीत घरभाडे भत्त्याची सवलत घ्यायची होती आणि वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असल्याने तिथे घरमालकाचा पॅन मागितला गेला. त्याने मला विचारले, मी माझा दिला. म्हणजे त्याच्या कागदावर ४,५६,००० रुपयांची मालकीण मी एकटी आणि माझ्या विवरणपत्रात मात्र निम्मेच. दोन्ही खरे होते, पण मधला दुवा माझ्या डोक्यात होता आणि डोक्याची सत्यप्रत काढता येत नाही. जून २०२४ च्या नव्या करारात आम्ही दोघेही मालक म्हणून आहोत, पावतीवर दोघांचे पॅन आहेत आणि भाडेकरू निम्मे मला, निम्मे भावाला थेट पाठवतो. खर्चाचा आपला वाटा भाऊ मला वेगळा पाठवतो आणि निरोपात 'पंप दुरुस्ती, ऑगस्ट' असे लिहितो. पहिल्यांदा तसे लिहून आले तेव्हा मला कसेसेच झाले. मग सवय झाली.

कराराचेही एक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि तो करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. तसा नसेल तर वाद झाल्यास अटींबाबत आधी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. खर्चही फार नसतो. २४ महिन्यांचे भाडे ९,१२,०००, दीड लाख अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले काल्पनिक व्याज ३०,०००, त्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे २,३५५ रुपये, वर १,००० नोंदणीचे. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची, सोसायटीला एक प्रत द्यायची. एवढे आपण सगळेच करतो. पण नोंदणीकृत करार झाला की त्यातला आकडा हा सरकारदरबारी सांगितलेला आकडा होतो, आणि त्यानंतर बँकेत त्याहून कमी आले तर त्या फरकाला कागद लागतो, हे कुणी सांगत नाही.

माझ्या बाबतीत ते २०२० मध्ये झाले. पहिला भाडेकरू एका हॉटेलात नोकरीला होता. टाळेबंदीत त्याचा पगार थांबला आणि मी फोनवरच सांगून टाकले की एप्रिल ते जुलै निम्मेच द्या, ३४,००० ऐवजी १७,०००. चार महिन्यांचे ६८,००० रुपये. त्याचे मला आजही वाईट वाटत नाही. पण कायदा सवलत आणि थकबाकी यांत फरक करतो. ठरवूनच भाडे कमी केले तर ती एक गोष्ट. भाडे बुडाले असे म्हणायचे तर भाडेकरूने घर सोडलेले असणे किंवा त्याला काढण्याची पावले उचललेली असणे, वसुलीची कारवाई केलेली असणे किंवा ती निष्फळ ठरेल असे दाखवता येणे, अशा अटी आहेत, आणि असे वगळलेले भाडे पुढे कधी हाती आले तर ते आले त्या वर्षी, ३० टक्के सोडून, करपात्र होते, मग घर तोवर विकलेले का असेना. आमचे प्रकरण यांतले कोणते, हे सांगणारी एक ओळही मी लिहून ठेवली नव्हती. सुदैवाने त्या वर्षाचे विवरणपत्र भरताना तो भाडेकरू अजून तिथेच राहत होता. "काकू, तुम्ही तेव्हा समजून घेतलंत ते मी विसरलो नाही," असे म्हणून त्याने चार महिन्यांची सवलत कशी ठरली याचा ईमेल पाठवला. तो ईमेल मी छापून ठेवला आहे. त्यात कर वाचवण्यापलीकडेही माझा काही स्वार्थ आहे.

रिकाम्या घराची नोंद मात्र मला अनपेक्षित जागी सापडली. दुसरा भाडेकरू फेब्रुवारी २०२४ अखेर गेला आणि तिसरा जूनमध्ये आला. मार्च एका आर्थिक वर्षात, एप्रिल आणि मे दुसऱ्या. भाड्याने दिलेले घर काही काळ रिकामे राहिल्याने भाडे कमी आले, तर प्रत्यक्ष आलेले भाडेच धरता येते. पण ते रिकामे होते, हे कशावरून? मुलुंडला वीज महावितरणची आहे. त्या तीन महिन्यांच्या बिलांवर युनिट एक आकडीच होते, बाकी सारा स्थिर आकार. बंद घर किती बंद होते हे मीटरइतके नेमके कुणीच लिहून ठेवले नव्हते. ती बिले मी फेकणार होते, कारण रक्कम क्षुल्लक होती. आता भाडेकरू बदलताना मी जुन्या व नव्या माणसासमोर मीटरचा फोटो काढते आणि आकडा वहीत लिहिते. अनामत परत करताना होणारे निम्मे गैरसमज त्यानेच मिटतात.

दुरुस्तीच्या त्या फोल्डरला शेवटी न्याय मिळाला, तो असा. आमच्या रस्त्यावरच्या दोन इमारती पुनर्विकासाला गेल्या आहेत आणि आमच्याही सोसायटीत तो विषय दर सभेत निघतो. घर कधीतरी विकायचे झाले, तर खर्चाचा हिशेब १९८६ च्या करारापासून सुरू होतो, कारण वारशाने आलेल्या मालमत्तेची किंमत आधीच्या मालकाला पडलेली धरतात. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या घराला त्या दिवशीचे बाजारमूल्य घेता येते, पण ते मुद्रांक शुल्कासाठी सरकारने त्या दिवशी धरलेल्या मूल्याहून जास्त नको. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीतल्या नफ्यावर, म्हणजे भांडवली नफ्यावर, साडेबारा टक्के कर आहे, आणि खरेदीची किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून धरता येत नाही. आमच्यासारख्या निवासी व्यक्तींना त्याआधी घेतलेल्या घरासाठी निर्देशांकासह २० टक्क्यांचे गणित करून दोन्हींतला कमी कर देता येतो. त्यात घराच्या सुधारणेचा खर्च मोजला जातो, आणि तिथे रंग व नळ चालत नाहीत, पण २००७ मध्ये आईने जुन्या लाकडी खिडक्या काढून सरकत्या अॅल्युमिनियमच्या बसवल्या आणि न्हाणीघर मुळापासून नवे केले, ते चालण्यासारखे आहे. आईने त्या कारागिराच्या बिलाच्या मागे पेन्सिलीने लिहिले होते: "पावसाचे पाणी आत येत असे म्हणून. जुन्या चौकटी त्यालाच दिल्या." तिला भांडवली नफा हा शब्द माहीत नव्हता. शेरा माहीत होता.

मी आता दोनशे पानी वही घेतली आहे, ग्रंथालयातल्यासारखी आडव्या ओळींची. तारीख, रक्कम, कुणाकडून कुणाला, कागद कुठे ठेवला, आणि शेरा. संगणकावरही ठेवता येते, माझी भाची तसेच सांगते, आणि वार्षिक माहिती विवरणात आयकर खात्याला काय दिसते ते मी संकेतस्थळावर जाऊन पाहतेही. पण नोंद मी त्याच दिवशी हाताने करते. भाडेकरू विजेचे पैसे मला पाठवतो तेव्हा ते भाडे नसते, असे लिहिते. अनामत आली तर परत करायची आहे, उत्पन्न नाही, असे लिहिते. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ अंमलात येतो आणि आकारणी वर्ष हा शब्द जाऊन कर वर्ष येते. कलमांचे क्रमांक बदलतात, ३० टक्के तेच राहतात. वहीचे रकाने बदलावे लागणार नाहीत.

त्या १४,२०० रुपयांचे आम्ही शेवटी भाडे म्हणूनच धरले. ३० टक्के सोडून उरलेल्यावर भावाचा आणि माझा मिळून अडीच हजारांहून थोडा अधिक कर गेला. भाऊ हसला. मला हसू आले नाही, कारण ती रक्कम जर भाडेकरूने फोडलेल्या एखाद्या वस्तूची भरपाई असेल, तर मी न मिळालेल्या भाड्यावर कर भरला होता.

गेल्या दिवाळीत पाडव्याला त्या भाडेकरूचा शुभेच्छांचा निरोप आला. तो आता बंगळुरूला असतो. मी न राहवून त्याला तारीख आणि रक्कम लिहून पाठवली. तासाभराने उत्तर आले: "काकू, माझ्याकडे नुसतं तुमचं नाव आणि आकडा आहे. गीझरचं होतं का?"

गीझर आम्ही २०२१ मध्येच बदलला होता, तो येण्याच्या आधी. मी वही उघडली, मागे जाऊन त्या ओळीपुढे लाल शाईने लिहिले: "कारण सापडले नाही. भाडे धरून कर भरला. भाडेकरूस विचारले, त्यासही आठवत नाही. २२ ऑक्टोबर २०२५." आणि सही केली.